घरातलं दहावं माणूस

वाचकाचं पत्र :

काकू, नमस्कार. मी केज तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. नाव छापू नका. आमच्या घरात नऊ माणसं आहेत. माझी चार लेकरं. थोरली नववीत, दुसरी सातवीत, आणि जुळी, एक पोरगा एक पोरगी, दुसरीत. दसरा झाला की दीर-जाऊ ऊसतोडीला जातात. त्यांची तिघं सहा महिने माझ्याकडं असतात. पोरगा आठवीत, पोरगी पाचवीत, धाकटा पहिलीत. त्यांची शाळा बुडू नये म्हणून मीच म्हणले होते, ठेवा इथं. सासूबाई आहेत, मालक आहेत. पाच एकर कोरडवाहू आहे.

मला कामाचा कंटाळा नाही काकू. पण दिवसभर माझ्या तोंडून हुकूमच निघतात. ऊठ, दात घास, दप्तर उचल, पाणी भर, भांडू नको. परवा रात्री सातही लेकरं ओसरीवर पोट धरधरून हसत होती. मी हात पुसत बाहेर आले, तर सगळी एकदम गप्प. काहीच न बोलता मी आत गेले, तर परत हसायला लागली. मला वाटलं, मी ह्या घरातली मुकादम झाले. चुलीपुढं बसून रडले.

पुण्याची नणंद म्हणते, एवढ्या लेकरांत एकाकडंही नीट लक्ष जात नसणार. तिला एकच मुलगा आहे. जावेच्या लेकरांना रागवावं तर शेजारच्या बाया म्हणतात, दुजाभाव करते. नाही रागवावं तर माझीच पोरं म्हणतात, त्यांना तू काहीच म्हणत नाहीस. नऊ माणसांचं करता करता मला माझ्या लेकरांचं हसूसुद्धा मिळेना. काय करू?

एक माय, केज तालुका

*

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुझ्या घरातली माणसं बोटांवर मोजली. तुझी चार, जावेची तीन, झाली सात. सासूबाई आठव्या, मालक नववे. दोनदा लिहिलंयस तू, घरात नऊ माणसं. मग पहाटे उठून चूल पेटवणारी कोण? तिला कुठल्या बोटावर धरलंस?

घाईत राहून गेलं असेल असं मला आधी वाटलं. पण पत्राच्या शेवटीही नऊच. म्हणून बाकीचं बोलायच्या आधी इथंच थांबते. तुझे दीर-जाऊ उसाच्या फडात जातात तेव्हा तिथं नवरा-बायको दोघांचा मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. बाई पहाटे उठून भाकरी करते, फडात येते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, आणि हिशेबात जोडी एक. हे तुला मी सांगायला नको, तुझ्या घरातलंच आहे. फडात निदान तिला अर्धं तरी मोजतात. तू घरात स्वतःला तेवढंसुद्धा धरलं नाहीस, हे मला फार लागलं.

परळी ओलांडली की पुढं गंगाखेड. जनाबाई तिथली. लहानपणी ती नामदेवांच्या घरी आली आणि त्या घराचं दळण-कांडण, झाडलोट करत राहिली. तिच्या नावावरच्या एका अभंगात त्या घराची मोजदाद आहे. गोणाई आणि राजाई सासू-सुना. दामा आणि नामा बापलेक. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई ह्या चार सुना. मग लेक, मग बहीण. चौदा माणसं झाली. आणि सगळ्यांच्या शेवटी जनी आपलं नाव घालते. पंधरावी. दासी म्हणून घालते, पण घालते. दळणारीणही घरातलंच माणूस, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. आज सातशे वर्षांनी ते घर मोजायचं तर तिच्यासकटच मोजावं लागतं.

तेव्हा पहिलं काम हे. आज रात्री ताटं मांडताना मोठ्यानं मोज, आणि दहावं ताट लेकरांच्या पंगतीतच मांड. मला माहीत आहे तू काय म्हणशील. तव्यावरची भाकरी गरम गरम पानात पडावी म्हणून तू शेवटी बसतेस, आणि तोवर सगळी उठून गेलेली असतात. पण भाकरी आधी करून दुरडीत फडक्यात गुंडाळून ठेवली तर काही बिघडत नाही. थोडी निवलेली भाकरी शेजारी बसलेल्या मायबरोबर खायला मिळाली तर एकही लेकरू कुरकुर करणार नाही. सासूबाई कुरकुरल्या तर त्यांच्यापुरती तेवढी गरम कर. लेकरं जेवतात तेव्हाच तर सगळं बोलतात गं. कुणाचं पेन हरवलं, गुरुजी कुणाला काय म्हणाले, कुणाच्या डब्यात कुणी काय टाकलं. त्या वेळी तुझी पाठ त्यांच्याकडं आणि तोंड चुलीकडं असतं.

आता ती ओसरीवरची गोष्ट. लेकरं तुझ्या धाकानं गप्प झाली असं तू धरून चाललीयस. मला तसं वाटत नाही. तूच लिहिलंयस की तू आत गेलीस आणि ती परत हसायला लागली. भ्यालेलं लेकरू इतक्या लवकर परत हसत नाही, ते उठून कोपऱ्यात जातं. तुझी लेकरं हसू तोंडात धरून तुझ्याकडं बघत थांबली होती, आता कुणाच्या नावाचा पुकारा होतोय म्हणून. कारण तू बाहेर येतेस ती नेहमी काहीतरी सांगायलाच येतेस. त्या दिवशी तू काहीच सांगितलं नाहीस, हे त्यांना उमगायच्या आतच तू माघारी वळलीस. तिथंच भिंतीला टेकून खाली बसली असतीस ना, तर घटकाभरात धाकटं येऊन मांडीवर पडलं असतं आणि हसायचं कारणही त्यानंच फोडलं असतं. पहिलीतल्या लेकराच्या पोटात गुपित राहत नाही.

माझ्या आईची गोष्ट सांगते. मी अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यात वाढले. सख्खी-चुलत मिळून आम्ही अकरा लेकरं एका घरात. आईची हाक म्हणजे हजेरीच असायची. हवी असायची एक, पण नावं निघायची सगळी, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, आणि मधेच शेळीचं नाव यायचं. शेळीचं नाव चांदणी. आम्ही दहाजण ऐकून न ऐकल्यासारखं करायचो, आणि चांदणी मात्र उंबऱ्यात येऊन उभी राहायची. आई म्हणायची, ह्या घरात हाकेला ओ देणारी हीच एक. आणि तिला भाकरीचा तुकडा घालायची. मग काय, पुढच्या हाकेला चांदणीच्या आधी आम्ही पळत.

बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायच्या कामावर जायची. घरात लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या तांबड्या ज्वारीची भाकरी. ती थापताना चिरायची, तव्यावर टाकताना तुटायची. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे. आई आपल्या वाट्याची सुकडी पदराच्या गाठीत बांधून आमच्यासाठी घरी आणायची. रात्री जेवणं झाली की अंगणात बसून ती आम्हाला म्हणायची, चला, आज कुणाची काय फजिती झाली ती सांगा. आणि आधी स्वतःची सांगायची. एकदा ती आली तर पदर मोकळा. गाठ सुटली होती आणि सगळ्या वाटेनं सुकडी सांडत आली होती. गावातलं एक कुत्रं ती चाटत चाटत तिच्या मागून थेट आमच्या दारापर्यंत आलेलं. आई म्हणाली, मला वाटलं आज हे माझ्या राखणीला आलंय, मी त्याच्याशी वाटभर सुखदुःखाचं बोलत आले, आणि ते आपलं मान खाली घालून सगळं ऐकतंय! आम्ही अकराजण इतके हसलो की चुलती आतून धावत आली. त्या दिवशी आईच्या पोटात काही नव्हतं हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पण तिचं ते हसू खोटं नव्हतं. आज मला बहात्तर साल आठवतं तेव्हा ती भाकरी नंतर आठवते, ते कुत्रं आधी आठवतं.

तू हेच कर. जेवणं झाली की भांडी तशीच राहू दे, घासायची पाळी नंतर. ओसरीवर बस आणि त्या दिवशी तुझी जी काही फजिती झाली असेल ती सांग. दुधाच्या भांड्यात ताक ओतलंस, पाहुण्याला दुसऱ्याच कुणाच्या नावानं हाक मारलीस, काहीही. मायची फजिती ऐकली की लेकरांना आपली सांगायचा धीर येतो. पहिल्या दिवशी एखादंच बोलेल. आठवड्यात पाळीसाठी भांडणं लागतील. सासूबाईंना विसरू नकोस. त्यांच्या पोटात साठ-सत्तर वर्षांच्या फजित्या आहेत, आणि त्यांच्या लेकाच्या म्हणजे तुझ्या मालकांच्या लहानपणीच्या तर त्यांना एकट्यांनाच ठाऊक आहेत. त्या ऐकताना लेकरांच्या बरोबरीनं तूही हसशील.

आता मुकादमी. ती तुझ्याकडून काढून घ्यायला हवी, आणि देवानं तुला त्याची सोय करून दिलीय. लेकरं सात, वार सात.

सात वारांच्या सात चिठ्ठ्या कर, वाटीत टाक, सासूबाईंना मधे बसव आणि एकेका लेकराला चिठ्ठी उचलू दे. ज्याचा जो वार येईल त्या दिवशी ते लेकरू घराचं कारभारी. त्या दिवसाचे हुकूम त्यानं द्यायचे. कुणी आधी आंघोळ करायची, पाणी कुणी भरायचं, दप्तरं कुणाची राहिलीत, सगळं त्यानं बघायचं. तू तुझं काम करायचंस आणि गप्प राहायचंस. हे गप्प राहणं पहिल्या आठवड्यात तुला फार जड जाईल. कुणाची तरी शाळेची वेळ चुकेल, कुणी बिनआंघोळीचं जाईल. जाऊ दे.

कारभाऱ्याचे मानही ठरवून टाक. पहिल्या भाकरीचा पापुद्रा त्याचा, वर मीठ आणि असेल तर तूप. पिठलं केलं तर कढईची खरवड त्याची. ज्या घरात लेकरं जास्त, त्या घरात खरवडीवरून होणारी भांडणं मला माहीत आहेत, ती ह्या एका नियमानं मिटतात. आज काय करायचं हे घरात जे असेल त्यातून त्यानं सांगायचं. पोरं रोज मुरमुऱ्यांची सुशीला मागतील, मागू देत, मुरमुरे काही महाग नाहीत. रात्री फडातून फोन आला की पहिल्यांदा फोन त्याच्या हातात. आणि झोपताना तुझ्या कुशीतली जागा त्याची, मग ते जावेचं असो की तुझं, पहिलीतलं असो की नववीतलं. नववीतली लेक लाजेल, म्हणेल मी काय लहान आहे का. तिला जवळ ओढ. आठवीतलं पोरगं कुशीत येणार नाही, तर त्याचं अंथरूण तुझ्या अंथरुणाला लावून घाल आणि दिवा मालवल्यावर त्याच्याशी बोल. अंधारात पोरं खूप बोलतात.

बाजाराचा वार कुणाला आला ह्यावरून रडारड होईल. महिन्यानं चिठ्ठ्या परत टाकायच्या एवढं आधीच सांगून ठेव.

माझ्या घरी हे चाललेलं आहे म्हणून सांगते. माझी तीन आणि धाकट्या दिराची दोन, अशी पाच लेकरं मी वाढवली. पाच वार त्यांचे आणि दोन वार त्यांच्या आजी-आजोबांचे होते. सगळ्यात धाकटा सहा वर्षांचा असताना त्याचा पहिला वार आला. सकाळी उठून तो हातात छडी घेऊन ओसरीवर उभा राहिला आणि त्यानं पहिला पुकारा आपल्या आजोबांचा केला. “आबा, आंघोळ झाली का? कानामागं दाखवा.” सासऱ्यांच्या समोर आम्ही सुना वर मान करून बोलत नव्हतो. ते गृहस्थ लेकरापुढं वाकले, एक कान दाखवला, मग दुसरा दाखवला. त्यानं नीट बघितलं आणि म्हणाला, जावा, परत धुवून या. आणि ते गेले! मी पदर तोंडात कोंबून मागच्या दारी पळाले. तिथं जाऊ आधीच भिंतीला धरून हसत होती. त्या दिवसापासून सासरे मला वेगळे दिसायला लागले. त्यांचा धाक गेला नाही, पण त्यांच्याशी बोलायची वाट सापडली.

नणंदेचं मनाला लावून घेऊ नकोस. एकाच लेकराच्या घरातही सुख असतं, आणि ती बोलली ते काळजीपोटी बोलली असेल. पण लक्ष म्हणजे फक्त मायचे दोन डोळे, हे तिचं गणित तुझ्या घराला लागू पडत नाही. तुझी जुळी पाढे कुणाकडून शिकतात? पाचवीतल्या पोरीच्या केसातल्या उवा कोण काढतं? धाकटं पडलं तर आधी कोण धावतं? तुझ्या घरात प्रत्येक लेकरावर नऊ जणांचं लक्ष आहे. आता तूही मोजलीस ना स्वतःला, म्हणून नऊ म्हणते. फक्त एक आहे, रोज थोडा वेळ प्रत्येक लेकरू मायला एकटं हवं असतं. ती भूक वाराच्या रात्री भागेल.

थोरलीविषयी मात्र मी कडक बोलणार आहे. अशा घरांत थोरली लेक न सांगता दुसरी माय होते. तू काही म्हणत नाहीस, तीच लहानग्यांना कडेवर घेते, तीच भाकरीला बसते, आणि सगळे म्हणतात पोर किती गुणाची. तिची नववी आहे, पुढच्या वर्षी दहावी. शाळेतली दुपारची खिचडी आठवीपर्यंतच मिळते, म्हणजे तिचा तेवढा डबा करावा लागतो, आणि माझी खात्री आहे की तो तीच करते. डबा तू कर किंवा मालकांना करू दे. आठवीतल्या पोराला पीठ मळायला बसव, जुळ्यातल्या पोराला ताटं पुसायला दे. कामाच्या पाळ्या भिंतीवर खडूनं लिहायच्या, आणि त्यात पोरगा-पोरगी बघायचं नाही. संध्याकाळी दोन तास थोरलीला कुणी हाक मारायची नाही, हा नियम कारभाऱ्यालासुद्धा लागू.

दुजाभावाचं म्हणशील तर शेजारच्या बायांना उत्तर द्यायला जाऊ नकोस. त्यांना ऐकू जावं म्हणून रागवायचं नाही, आणि त्यांना ऐकू जाईल म्हणून रागवायचं सोडायचं नाही. चूक केली तर सातांनाही सारखंच बोल, पण चारचौघांत नको, आत बोलावून बोल. तुझी पोरं म्हणतात ना, त्यांना तू काहीच म्हणत नाहीस? त्यांचं खरं आहे. जावेच्या लेकरांना तू पाहुण्यासारखं जपतेस. लेकरांना ते बरोबर कळतं. ज्या दिवशी तू त्या पाचवीतल्या पोरीवर स्वतःच्या लेकीसारखी ओरडशील आणि घटकाभरानं तिची वेणी घालायला बसशील, त्या दिवशी तिला ह्या घरात आपण कोण आहोत ते कळेल. एक मात्र सांभाळ. दिवेलागणीची वेळ त्या तिघांना कठीण जाते. त्या वेळी त्यांना रागवायचं काही असलं तर ते सकाळवर ढकल. दिवा लावताना त्यांच्यातल्या एकाला जवळ उभं करत जा.

मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आलीय. तुमच्या भागात त्या दिवशी येळवस करतात, रानात पूजा आणि जेवण. दहाही जणांनी रानात जा. सासूबाई म्हणतील गुडघे दुखतात, त्यांना गाडीत बसवून न्या. कडब्याची कोपी लेकरांना घालू दे, वाकडी झाली तरी चालेल. पाच पांडवांचे दगड मांडायचं आणि चुना लावायचं काम जुळ्यांना दे, त्यांचे हात-तोंड पांढरे होतील, होऊ देत. शेंगा-भाज्यांची भज्जी आदल्या रात्रीच शिजवून ठेव, आंबिलाचं बिंदगं, म्हणजे भरलेली घागर, मालकांना उचलू दे. आणि त्या दिवशी रानात एकही हुकूम द्यायचा नाही. ज्वारीत लपाछपी खेळतात, हरभरा उपटून खातात, पोट दुखेल असं म्हणायचंही नाही.

येळवशीची आमची एक आठवण आहे. दिवस मावळायला वडील बैलगाडीत लेकरं मोजून बसवत होते. अकरा व्हायला हवी होती. बारा झाली. सगळ्यांना खाली उतरवून परत मोजलं, परत बारा. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा चुलत्यानं एकेकाचं तोंड वर करून बघायला सुरुवात केली. बारावा शेजारच्या रानातल्या घरचा निघाला. खेळता खेळता आमच्या कोपीत झोपला होता आणि कुणीतरी आपलाच समजून उचलून गाडीत ठेवला होता. तिकडं त्याच्या घरी एक कमी भरत होता म्हणून कंदील घेऊन माणसं निघाली होती. बांधावर दोन्हीकडची माणसं भेटली. त्याची आई रडत होती आणि माझी आई हसत होती, आणि पोरगं डोळे चोळत म्हणालं, मी ह्यांच्यात पण जेवलो. पुढं कित्येक वर्षं त्याला सगळं गाव बारावा म्हणूनच हाक मारायचं.

हे सगळं सांगताना माझ्या डोळ्यांपुढं तुझी जाऊ येतेय. फडातल्या पालात बसून तिला लेकरांचा आवाज रात्री दहा मिनिटं फोनवर ऐकू येतो. लेकरं काय खातात, अभ्यास करतात का, एवढंच बोलणं होतं. ती हसली कशाला, पडली कशी, जिंकली कुठं, हे सगळं तिच्या हातून निसटून जातं. म्हणून एक शंभर पानी वही आण. रात्री ओसरीवर फजित्या सांगून झाल्या की त्यातली सगळ्यात भारी एक निवडायची आणि ज्याचा वार असेल त्यानं ती वहीत लिहायची. वार, तारीख आणि दोन ओळी. पहिलीतल्या धाकट्याच्या वाराला थोरल्यानं लिहायचं आणि धाकट्यानं खाली आपलं नाव गिरवायचं. पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला आणि जाऊ-दीर घरी आले, की पहिल्या रात्री आंघोळ-जेवण झाल्यावर ती वही जावेच्या हातात दे. तिला वाचता येत नसेल तर सातही जणांनी आपापल्या वाराचं वाचून दाखवायचं. तू तिच्या शेजारी बस. सहा महिन्यांत तू तिच्या लेकरांना काय दिलंस, ते तिला त्या वहीतून समजेल. तुला वेगळं सांगावं लागणार नाही.

वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या माणसांची नावं लिहायला सांग, सासूबाईंपासून धाकट्यापर्यंत. दहा नावं भरली का ते तू स्वतः मोजून बघ. जाऊ-दीर आले की खाली त्यांची दोन लिहायची.

आणि पहिली फजिती कोणती लिहायची ते मी सांगते. परवा रात्री ओसरीवर सातही जण कशाला हसत होते, ते आज धाकट्याला जवळ घेऊन विचार. कळलं की मलाही लिही, मला रात्रीपासून तेच लागून राहिलंय.

तुझी काकू